केरबाचं नाव

२१ जुलै, सोलापूर
सकाळी प्रशांतचा फोन. धाकट्या भावाचा मुलगा, यंदा झेडपीला उभा राहतोय. गावात तात्यांचा पुतळा बसवणार, १५ ऑगस्टला अनावरण. सोबत पुस्तिका. "काका, आजोबांचं चरित्र तुम्हीच लिहायचं. फोटोंचं मी बघतो." हो म्हणालो. मुलाने बापाबद्दल लिहायचं, त्यात अवघड काय.

२४ जुलै
चार पानं झाली. लोकल बोर्डाचा राजीनामा, बाजारातली सभा, विलायती कापडाची होळी, वॉरंट. तात्या भूमिगत. इथवर हात झरझर चालला. पुढे केरबा लोहार येतो. थांबलो.

२५ जुलै
केरबा आमचा गाडीवान. कडब्याखाली झाकून तात्यांना गावाबाहेर काढलं ते त्यानेच. पोलिसांनी त्याला चौकीत नऊ दिवस मारलं. पाय कायमचा गेला, पण तात्यांचा ठिकाणा सांगितला नाही. हे तालुक्याला ठाऊक.
जे ठाऊक नाही ते तात्यांनी शेवटच्या आजारात मला सांगितलं. केरबाला धरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते सोलापुरात साहेबापुढे हजर झाले. पुन्हा चळवळीत पडणार नाही असं लिहून दिलं. मग सहा महिने मामांच्या घरी. गाव समजत राहिलं भूमिगत आहेत. तालुक्याच्या चौकीला कळायला आठवडा गेला.
म्हणजे केरबा तिकडे रोज

२८ जुलै
माझं स्वतःचंही लिहायला हवं. मी सभापती असताना पंचायत समितीच्या आवारात स्वातंत्र्यसैनिकांचा स्तंभ उभारला. यादी माझ्या सहीने. केरबा कुबडी टेकत ऑफिसात आला.
"माजं नाव ऱ्हायलं की, साहेब."
"तुरुंगाचा दाखला आणा, काका."
"चौकीत मारल्याचा दाखला कोन देतंय? तुमचं तात्याच पुरावा की."
घरी तात्यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मला आठवत नाही." चाळीस वर्षांपूर्वीच्या बैलांची नावं आठवायची त्यांना. तरी मी दुसरा प्रश्न विचारला नाही. फाईल बंद केली. सभापतिपद नवं होतं, बाप तालुक्याचा पुढारी. केरबा पुढल्या वर्षी गेला. त्याच्या मातीलाही गेलो नाही. मीटिंग होती म्हणे.

२ ऑगस्ट
एसटीने वेळापूरला गेलो. केरबाची मुलगी सुंदराबाई तिथे लेकाकडे असते. पंचाहत्तरीची. ओळखलं तिने. चहा दिला. कसंबसं सगळं सांगितलं. हजर झालेलं, लिहून दिलेलं, सगळं.
ती पदराने कप पुसत राहिली. मग म्हणाली, "बाला ठाव व्हतं."
"कधीपासून?"
"सुटला त्याच दिशी. फौजदारच म्हनला, तुजा मालक कवाच हजर झालाय, जा घरी."
मी विचारलं, मग आयुष्यभर बोलले का नाहीत? माझ्या ऑफिसात आले तेव्हाही?
"बोलला आसता, तर मार कशापायी खाल्ला म्हनायचं वो?"
निघताना हात धरला तिने. "नाव घाला बाचं. बाकीचं ऱ्हाऊ द्या. आता बाचा पाय वाया गेला आसं लोकास्नी सांगू नगा."

३ ऑगस्ट
परतताना बसमध्ये हायसं वाटत होतं. तिनेच सांगितलं, राहू द्या. टेंभुर्णीच्या पुढे आल्यावर या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. तिने बापाला राखलं. मी कुणाला राखतोय?

८ ऑगस्ट
पुस्तिका छापायला गेली. केरबावर एक पान. "नऊ दिवस मार सोसला, पण तात्यांचा ठिकाणा सांगितला नाही." एकही शब्द खोटा नाही. आणि खरंही नाही. प्रशांत म्हणाला, "छान झालंय काका, मतदारांना आवडेल." फोन ठेवून दिला.

११ ऑगस्ट
तात्यांचा राग येत नाही हेच अवघड. अठ्ठावीस वर्षांचे होते, आई पोटुशी. घाबरले असतील. घाबरण्याला माफी आहे. "आठवत नाही" म्हणाले तेव्हा मात्र कुणी बंदूक रोखली नव्हती. आणि मी फाईल बंद केली तेव्हाही.

१४ ऑगस्ट, गावी
दुपारी मांडव बघून आलो. पुतळा कापडात. माझं भाषण दहा मिनिटं. सुंदराबाईला आणायला गाडी पाठवतोय, तसं कळवायला फोन केला.
"येते की. पन वर बोलवू नगा, खाली बसते. तुमी बोलनार हाय न्हवं?"
"हो."
"मग बाचं नाव मोठ्यानं घ्या. मला कमी ऐकू येतंय."
भाषणाचे दोन कागद तयार आहेत. एकात सगळं आहे, एकात तिने सांगितलं तेवढंच. नाव दोन्हींत मोठ्याने घेता येईल. सकाळी कुठला खिशात घालायचा ते अजून