हुकावरचं वजन

बाबा, आज मला कामावरून मधेच घरी पाठवलं. माय स्वयंपाकघरात भाजी निवडतेय, तिला मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलंय. खरं सांगितलं तर ती आधी नोकरीची काळजी करेल, मग तुमचा विषय निघेल, आणि तुमचा विषय निघाला की आमच्या घरात कुणाला घास जात नाही, इतकी वर्षं झाली तरी. म्हणून तुम्हालाच लिहितेय. जोडाक्षरं माझी अजून चुकतात. शाळा तेलुगू-इंग्रजीत झाली, मराठी लिहायला तुम्ही पाटीवर शिकवलंत तेवढंच येतं. चुकलं तर रागावू नका. रागवायला तरी आता कुठे येताय तुम्ही.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही. श्रीशैलमच्या रस्त्याला शहराबाहेर एक मोठं आवार आहे, तिथे चाकांवरची घरं भाड्याने मिळतात. कारवाँ म्हणतात. आत पलंग, शेगडी, इवलंसं न्हाणीघर, सगळं. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. लोक आपली गाडी घेऊन येतात, मागच्या हुकाला ते घर अडकवतात आणि सुट्टीला निघतात. कुठल्या गाडीला कुठला कारवाँ झेपेल ते पाहून द्यायचं, हे माझं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा त्यासाठीच कामी आला म्हणा. ज्याने आरोग्य खात्याच्या जीपमागे ट्रेलर लावून जन्म काढला त्याची मुलगी तेच करते, फक्त पंख्याखाली बसून. नोकरी लागली तेव्हा माय म्हणाली, जगात दुसरं काम नाही का गं तुला? होतं की. मी मुद्दाम हेच घेतलं.

येणारा प्रत्येक जण विचारतो, माझी गाडी ओढेल ना? ओढायला काय, सपाट रस्त्यावर कुठलीही दांडगी गाडी ओढते. उतारावर तेवढंच वजन मागून ढकलत असताना ती थांबेल का, हे कुणी विचारत नाही. कागदावर असतं ते रिकाम्या कारवाँचं वजन. मग पाण्याची टाकी भरतात, सिलिंडर, बॅटऱ्या, गाद्या, कूलर, सासूबाईंच्या बरण्या. गाडीत बसलेली माणसंही हिशेबात धरायची असतात, ते सांगितलं की लोकांना अपमान वाटतो. आणि हुकावर किती भार येतो ते तर बघावंच लागतं. जास्त झाला तर गाडीचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. कमी झाला, म्हणजे वजन मागे गेलं, तर कारवाँ डोलायला लागतो, आणि शेपटीने म्हैस हलवावी तसा तो गाडीलाच हलवतो. मी हे रोज सांगते. अर्धे लोक ऐकतात, अर्धे मोबाइल बघत मान हलवतात.

तुम्हाला हे सगळं माहीत होतं. माझा राग तिथेच आहे. मी सातवीत होते, आपण बरकतपुऱ्यात त्या दोन खोल्यांत राहायचो. सुलतान बाजारातून मायने तांदळाची गोणी आणायला सांगितली आणि मी ती सायकलच्या कॅरिअरवर पार मागच्या टोकाला बांधली. काचीगुड्याच्या चढावर पुढचं चाक उचललं गेलं, हँडल हलकं झालं, आणि मी तांदळासकट रस्त्यावर. गुडघे फुटले होते. तुम्ही हळद नाही लावलीत, आधी झापलंत. दारातच उभं करून म्हणालात, "अक्कल कुठे ठेवली होतीस? सगळं वजन मागे टाकलंस तर हँडल कुणाच्या हातात राहील?" मी रडत होते ती गुडघ्यांसाठी नव्हे, तुम्ही असं कधी बोलत नव्हतात म्हणून. पुढच्या रविवारी तुम्ही मला अफझलगंजला नेलंत आणि सायकलला पुढची जाळीची टोपली बसवून घेतलीत. दुकानदार स्क्रू आवळतोय आणि तुम्ही बोटाने दाबून बघताय, हलते का, परत आवळ म्हणताय. मी तिथे उभी आहे आणि मला वाटतंय, माझ्या बाबांना सगळं कळतं.

म्हणून मला ते कधीच समजलं नाही. तो एक्स-रेच्या यंत्राचा ट्रेलर, त्या शेवटच्या फेरीला त्यात तंबू, खाटा, जनरेटर आणि डिझेलचे ड्रमही भरले होते, कारण दुसरी गाडी तुमच्या साहेबांनी त्यांच्या घरच्या कामाला ठेवून घेतली होती. शिबिराचं गाव घाटापलीकडे. घाटात जीप हातातून गेली, तुमच्या शेजारी बसलेले कंपाउंडर काका तेवढे वाचले. हात गळ्यात बांधलेला, अशा अवस्थेत ते आपल्या घरी आले, आणि जमलेल्या माणसांसमोर त्यांनी सांगितलं. तुम्ही म्हणाला होतात, "साब, जीप पीछे से बैठ रई." साहेब म्हणाले, "तो ड्रमां पीछे सरकाओ ना." आणि तुम्ही म्हणालात, "हौ साब."

हौ साब. एवढंच. ड्रम ट्रेलरच्या पार शेवटी गेले, जीप सरळ दिसायला लागली, साहेब खूश झाले आणि तुम्ही निघालात. पुढे अहवालात आलं की चालकाचा वेग जास्त होता. मायला पेन्शनसाठी जिथे जिथे जावं लागलं तिथे तिथे ते वाक्य तिला ऐकवलं गेलं. वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ह्या शहरात, बाबा, नाही म्हणायला लोक आपलाच शब्द वापरतात. रिक्षावाला नक्को म्हणतो, भाजीवाली नक्को म्हणते, पोरंटोरं दिवसभर नक्को नक्को करत असतात. आपल्या नकोला त्यांनी एक जास्तीचा क लावला आणि सगळं हैदराबाद तो बोलतं. फक्त तुमच्याच तोंडून त्या दिवशी तो निघाला नाही. घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याच्यापुढे उभं करून तुम्ही मला शिकवायचात, मान वर करून बोल, डोळ्याला डोळा देऊन बोल. आणि स्वतः? किती वर्षं मी तुमच्यावर चिडून आहे हे मायलाही माहीत नाही. नांदेडकडून आलेल्या आपल्या घरात पहिला पगार तुमचा, ते मला कळतं. साहेबाने शेरा मारला असता, हेही कळतं. कळूनही राग जात नाही.

आता आजचं सांगते. पुण्याहून येऊन इथे कंप्युटरच्या नोकरीत असलेले एक गृहस्थ आले, आमच्या मालकांच्या ओळखीतले. लहान कारवाँ ठरवला होता, ऐन वेळी भावाचं कुटुंबही येतंय म्हणून मोठा मागितला. तो त्यांच्या गाडीच्या मर्यादेबाहेरचा, थोडा नव्हे, चांगलाच. मी सांगितलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, ही गाडी ट्रक ओढते, मी व्हिडिओ पाहिलाय." आमच्या माणसाने मालकांचं नाव ऐकून तो अडकवूनही टाकला होता. गाडीचं बूड बसलं. तेव्हा त्या गृहस्थांनी काय करावं? आत चढले आणि पाण्याचे कॅन, जनरेटर, पेट्या, सगळं मागच्या पलंगाखाली सरकवलं. गाडी सरळ झाली. हात झटकत म्हणाले, "झालं की नाही? उगाच घाबरवता तुम्ही."

मी म्हटलं, असं जाता येणार नाही. "आपण मराठी माणसं ना? समजून घ्या की जरा," असं म्हणत त्यांनी मालकांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मालक म्हणाले, "दे डालो ना अम्मा, अपने आदमी हैं, कुछ नक्को बोलो उनको." आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "हौ सर."

विचार करून नव्हे. जीभच तशी वळली. मला मायची औषधं दिसली, घराचा हप्ता दिसला, सगळं एका क्षणात. तुम्हाला त्या दिवशी काय दिसलं असेल? बहुतेक मी आणि माय.

मग मी फोन परत दिला आणि म्हटलं, "नको. मी देणार नाही." गाडीत त्यांच्या बाई बसल्या होत्या, त्यांच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "ताई, घाटात ही गाडी आवरणार नाही. सामान तरी काढा, नाहीतर दुसरी गाडी बघा." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तोंड फिरवलं. जवळच राहणारे मालक स्वतः आले, मला म्हणाले घरी जा, मग बोलू, आणि आपल्या हाताने फाटक उघडलं. मी मागून सांगत राहिले, हळू जा, खालच्या गिअरमध्ये उतरा. काच वर गेली. मी नको म्हटलं, बाबा, आणि तरीही ती गाडी गेली. तुम्ही नको म्हटलं असतंत तर दुसऱ्या कुणाला बसवून त्यांनी ती जीप पाठवलीच असती, हे आज कळलं. पण तुम्ही घरी आला असतात.

आता ते घाटाला लागले असतील. कदाचित काही होणार नाही. बहुतेक वेळा होत नाही, म्हणून तर लोकांचं फावतं. उद्या ते श्रीशैलमच्या धरणासमोरचे फोटो पाठवतील, मालक मला दाखवतील, आणि मी शहाणी ठरेन ती चुकीच्या अर्थाने. मी मनापासून म्हणतेय की तसंच होऊ दे.

हे कागद कुठे टाकणार, कपाटात साड्यांखाली जातील. मायला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला सांगण्यासारखी नाही. मघाशी कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले, मला घाटातून आलेला फोन वाटला. त्या क्षणी मला वाटलं की वाजावा. कुणीतरी एकदा म्हणावं की चूक वजनाची होती, चालवणाऱ्याची नव्हती. त्या गाडीत मागे एक लहान मुलगी होती, बाबा. फाटकातून जाताना तिने मला टाटा केला होता. तरीही मला तसं वाटलं.