गोजराचा शेवट मीच ठरवणार

मी, नीलिमा देवदत्त चांदोरकर, वय अडुसष्ट, व्यवसाय ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिणे, मूळची साताऱ्याची, सध्या मुक्काम हॅम्बर्ग, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते फिरलेलंही आहे, पण त्याचं कारण चौथ्या कलमात येईल. जर्मन कायद्याप्रमाणे असा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत स्वतःच्या हाताने लिहावा लागतो, टाइप केलेला चालत नाही. या देशाचा हा एक नियम मला मनापासून आवडला. साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मला लागतात. त्याशिवाय चोरून काहीतरी उरकल्यासारखं वाटतं.

निमित्त असं, की येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. आणि उद्या, शनिवारी, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये माझ्या ‘शिलेदाराची गोजरा’ या नव्या कादंबरीचं प्रकाशन आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, घरातून हलायचं नाही. मी म्हटलं, अहो, माझं पुस्तक आहे. त्या म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणूनच. आता या बाईशी काय वाद घालायचा!

कलम एक. राहतं घर माझ्या आणि माझे पती देवदत्त यांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा माझ्या पश्चात त्यांचा, आणि त्यांच्या पश्चात आमची मुलगी कौमुदी हिचा. खालच्या केलरमध्ये ह्यांनी विमान कंपनीतल्या नोकरीपासून जमवलेली खोकी आहेत, ‘कधीतरी लागेल’ या सदरातली. काहीही लागलेलं नाही. कौमुदीने नेकारसुल्महून येऊन ते तळघर रिकामं करावं, आणि ह्यांना विचारू नये. विचारलं की ते एकेक स्क्रू हातात घेऊन त्याचा इतिहास सांगत बसतात.

कलम दोन. माझी शाईची पेनं नात अन्वी हिला. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघींना नीट कळतं. शब्दकोश आणि मोडी कागदांच्या झेरॉक्स ज्याला खरोखर वापरायच्या असतील त्याला द्याव्यात. नुसतं कपाट सजवणाऱ्याला देऊ नयेत.

कलम तीन. माझ्या नणंद शुभदावन्सं, राहणार हॅनोव्हर, यांनी नेलेलं पुरणयंत्र आता त्यांचंच समजावं. माझी प्रत्येक कादंबरी वाचून त्या फोन करतात आणि म्हणतात, "त्या काळी असं नव्हतं हो, वहिनी." जशा काही त्या काळी ह्या पाणी भरायला होत्या. पण वाचतात, शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे इथे नोंदवते. घरातलं दुसरं कोणी वाचत नाही. निदान जूनपर्यंत तरी वाचत नव्हतं.

कलम चार. इथे मला पाणी पिऊन लिहायला बसावं लागलं.

माझी गोजरा ही पेशवाईतल्या एका शिलेदाराची तरुण विधवा. पूर्ण कादंबरीभर ती दिरांशी, गावाशी आणि स्वतःशी झगडते आणि शेवटच्या प्रकरणात येसजी नालबंदाच्या मागे घोड्यावर बसून खिंड ओलांडून कोकणात निघून जाते. या एका प्रकरणासाठी मी बाकीचं पुस्तक लिहिलं. ती निघते, तेव्हा मी टेबलाशी बसून हुंदके देत होते.

परवा प्रतींचं खोकं आलं. आधी मुखपृष्ठ पाहिलं. गोजराच्या भुवया कोरलेल्या, आणि मागे टोकदार मनोऱ्यांचा चक्क जर्मन किल्ला! फोन लावला, तर प्रकाशक श्रीधर गोडसे म्हणतात, "अहो ताई, तुम्ही जर्मनीत राहता ना, म्हणून आर्टिस्टने जरा टच दिला." ते मी गिळलं. मग शेवटचं पान उघडलं. तर गोजरा नवऱ्याच्या समाधीपाशी दिवा लावून बसलेली! येसजी एकटाच खिंडीतून गेला. आणि ही बसली आयुष्यभर वाती वळत!

पुन्हा फोन. तर गोडसे थंडपणे सांगतात, "वाचकांना पटलं नसतं, ताई. आणि आम्ही विचारलं होतं की. साहेबांनी होकार दिला."

साहेब म्हणजे आमचे हे. माझी ईमेल हेच बघतात, कारण मला त्या यंत्राचा कंटाळा आहे. जूनमध्ये मी क्रांकनहाउसमध्ये, म्हणजे इथल्या इस्पितळात पडून होते, तेव्हा ह्यांनी परस्पर ‘हरकत नाही’ कळवून टाकलं.

"हरकत नाही? माझ्या पुस्तकाला? तुम्ही माझी एक ओळ तरी वाचलीय का कधी जन्मात?"

"ही वाचली," हे म्हणाले.

"कोणती?"

"अख्खी. तू नव्हतीस ना घरात. करायचं काय संध्याकाळचं?"

चाळीसएक वर्षांच्या संसारात माझ्या कादंबऱ्यांवर ह्यांचा न वाचता दिलेला अभिप्राय एकच : घोडा एका दिवसात इतकं अंतर तोडणार नाही.

"मग? वाचून काय दिवे लावलेत?"

हे चष्मा पुसायला लागले. "खिचडी करून एकटाच जेवत होतो. डॉक्टर तुझ्याबद्दल धड काही सांगत नव्हते. आणि इकडे ती बाई घोड्यावर बसून चालली. नवऱ्याला विसरून. मला नाही आवडलं."

"विसरून नाही हो! जगायला चाललीय ती!"

"तेच," हे म्हणाले. "मला नाही ते जमणार."

आता सांगा, या माणसाचं काय करावं? परवापासून भांडायची तयारी करून ठेवली होती, एकेक वाक्य घासूनपुसून, आणि ह्यांनी चिडायची सोयच ठेवली नाही. तरी मी चिडलेली आहे. रडून झालं आणि परत चिडले. माझ्या मरणाची भीती वाटली तर माझ्याजवळ येऊन बोलावं, गोजराला कशाला कोंडून घालायचं? मी मंगळवारी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर जगात माझ्या नावाने उरणार ती समाधीपाशी बसलेली बाई. मी तिला ओळखतसुद्धा नाही.

कलम पाच. सबब, माझ्या सर्व पुस्तकांचे हक्क कौमुदीला देत आहे, देवदत्त यांना नाही. तिला मराठी वाचताना अडखळायला होतं, पण ‘नाही’ म्हणायला ती अजिबात अडखळत नाही. दुसरी आवृत्ती मी लिहिलेल्या शेवटासह निघेल, नाहीतर निघणारच नाही. गोडसेंनी गोड बोलून बघितलं, तर तिने फोन ठेवून द्यावा.

कलम सहा. उद्याच्या समारंभात पाहुणे पुस्तक न वाचता त्यावर बोलतील, ते चालू द्यावं, रीतच आहे. शाल-नारळ कोणीतरी घरी आणावा. पण त्यानंतर माझ्या हस्तलिखितातलं खरं शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं जाईल, आणि ते देवदत्त स्वतः वाचतील. घसा बसला, चष्मा विसरला, असल्या सबबी चालणार नाहीत. ही शिक्षा आहे असं त्यांना वाटत असेल, तर बरोबर वाटतंय.

कलम सात. माझ्या पश्चात ह्यांनी माझ्या फोटोसमोर बसून राहू नये. रोज बंदरावरच्या फेरीबोटीने एक चक्कर मारावी, टोपी घालून. वन्संकडे दोन दिवसांच्या वर राहू नये, दोघेही एकमेकांचं डोकं खातील. एखाद्या बाईने चहाला बोलावलं तर जावं. खुशाल जावं. मला राग येईल, पण तो माझा मी बघीन.

वरील मजकूर मी वरच्या मजल्यावरच्या राजस आणि सुकन्या यांना बसवून वाचून दाखवला. दोघे आयटीतले, पुण्याचे. ह्यांनी दाराआडून ऐकला, ते मला दिसत होतं.

सही : नीलिमा देवदत्त चांदोरकर
साक्षीदार : १. राजस महाजन २. सुकन्या महाजन
हॅम्बर्ग, शुक्रवार, दि. १० ऑक्टोबर २०२५

पुरवणी

काल प्रकाशन झालं. सुकन्याने मोबाइल धरून मला सगळं दाखवलं. पाहुणे भरपूर बोलले, त्यात माझ्या नायिकेला दोनदा राणी म्हणाले. मग हे उठले. विमानातल्या सूचना वाचाव्यात तसे वाचायला लागले, एका सुरात. मी कपाळावर हात मारला. येसजी घोडा आणतो तिथे आवाज चिरकला. हे थांबले, पाणी प्यायले, आणि पुन्हा त्याच वाक्यापासून सुरुवात करून शेवटपर्यंत वाचलं. गोजरा खिंडीपलीकडे गेली. शुभदावन्सं पदराने डोळे पुसत होत्या, आणि नंतर त्यांनी फोन केला नाही.

घरी आल्यावर बूट काढता काढता हे म्हणाले, "जाऊ दे तिला. जायलाच हवं, पटलं मला. पण जाताना एकदा मागे वळून बघेल ना?"

मी म्हटलं, नाही बघणार. तशी ती बाईच नाही.

"बरं," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

तरी कौमुदीने दुसऱ्या आवृत्तीत पुढील बदल करून घ्यावा : खिंडीच्या तोंडाशी गोजरा येसजीला घोडा थांबवायला सांगते आणि एकदा मागे वळून बघते. एकदाच. हा बदल मी कोणाच्याही आग्रहावरून केलेला नाही, असं इथे लिहायची पद्धत आहे. पण तो आग्रहावरूनच केला आहे.

सही : नीलिमा देवदत्त चांदोरकर
साक्षीदार : १. राजस महाजन २. सुकन्या महाजन
हॅम्बर्ग, रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५