चार कोपऱ्यांचा कागद

।। श्री ।।

कसबा बावडा, कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. अभिराम यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

एका बोटाने टाइप करतो आहे, तेव्हा चुका पोटात घाल. तू गेल्या वर्षी बसवून दिलेला प्रिंटर निम्मा शहाणा आणि निम्मा वेडा निघाला. तू तिकडे डब्लिनमध्ये बसून पाठवलेलं पत्र तो न सांगता छापून टाकतो, पण मी इथे चार हातांवरून कागद स्कॅन करायला गेलो, की लॅपटॉप म्हणतो स्कॅनर सापडत नाही. स्कॅनर समोरच बसला आहे. मी लॅपटॉपचं तोंड त्याच्याकडे फिरवूनही पाहिलं.

आता खरं कारण सांगतो. शाळेतले जुने नकाशे रद्दीत काढताना ॲटलासात एक पाकीट सापडलं. त्यावर आबांच्या अक्षरात तुझ्या आईचं नाव आणि पुण्याचा पत्ता. छत्तीस वर्षांपूर्वी मी शाळेला निघालो असताना आबांनी ते माझ्या हातात दिलं आणि आजच्या आज पोस्टात टाक म्हणाले. दुपारी घरून बोलावणं आलं, तोवर आबा गेले होते. त्या गडबडीत मी ते विसरलो. अभिराम, साफ विसरलो रे.

आक्काने १९७४ साली परजातीत लग्न केलं, तेव्हा आबांनी पोटच्या लेकीला एक कार्ड पाठवलं होतं. वर श्री नाही आणि कोपरा फाडलेला. मयत कळवायचं कार्ड आमच्याकडे असंच असायचं. मजकूर काही नव्हता, फक्त तिचं नाव. आबांच्या लेखी आपण मेलो ते मेलोच, असं धरून ती आजवर जगली. आबा गेल्यावर माहेरी आली, माझ्याशी हसली-बोलली, पण त्यांच्या फोटोसमोर कधी उभी राहिली नाही.

पाकीट तिच्या नावाचं असून मी फोडलं. आत आबांनी माफी मागितली आहे. डॉक्टरांनी तिचे थोडेच दिवस सांगितलेत, त्यामुळे कुरियरची वाट बघायला वेळ नाही आणि फोनवर तिला ऐकू येत नाही. मजकूर शिसपेन्सिलीचा, अगदी पुसट. मोबाइलने फोटो काढला तर नुसता पांढरा कागद दिसतो. आबांचं अक्षर तिने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. तेव्हा हे यंत्र कसं वठणीवर आणायचं ते लवकर कळव.

तुझा,
अण्णामामा

।। श्री ।।

डब्लिन
१० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस, सा. न. वि. वि.

तुमच्या राउटरच्या वायफायला दोन नावं आहेत. एक साधं, आणि दुसरं तेच, पण शेवटी फाइव्ह जी जोडलेलं. प्रिंटरला साधंच कळतं. लॅपटॉप बहुतेक दुसऱ्यावर असणार. म्हणजे एका घरात राहून दोघांनी चुली वेगळ्या मांडल्या आहेत. लॅपटॉप साध्या नावावर आणा. मग प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद करा, पाच मिनिटं थांबा, आधी राउटर चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर झाले की प्रिंटर. स्कॅनचा प्रोग्रॅम उघडून पुन्हा शोधायला सांगा. मध्ये संगणकाने परवानगी मागितली तर हो म्हणा. तुम्ही सगळ्याला नाही म्हणता, तसं करू नका. वायरने जोडता आलं असतं, पण ती तुम्ही साफसफाईत टाकून दिलीत.

आई आता पलंगावरच असते. तिच्याशी बोलायचं ते मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवतो. तिने डोळे मिटले की आमचं बोलणं बंद. पाकिटाबद्दल तिला अजून काही सांगितलेलं नाही. पण मामा, फार दिवस हातात नाहीत. होईल तितक्या लवकर पाठवा.

मामींना नमस्कार सांगा आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
अभिराम

।। श्री ।।

कसबा बावडा
११ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आक्कास, सा. न. वि. वि.

सोबत एक कागद आहे. तो तुला छत्तीस वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. आबांनी शेवटच्या दिवशी माझ्या हातात दिला होता आणि माझ्याकडून पोस्टात पडला नाही. मुद्दाम केलं नाही एवढंच म्हणू शकतो, आणि तेवढ्याने काही भागत नाही हेही मला कळतं. मी तुझा अपराधी आहे.

कागद स्कॅन करताना दोन दिवस घाम फुटला. शेवटी आपला केबलवाला गुंडू आला. यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाला की मशीन दांडगं हाय, पर दोघं दोन वायफायवर बसल्यात, मग गाठ कशी पडायची? अभिरामनेही तेच सांगितलं होतं, पण गुंडूचं मला पटकन कळलं. तो गेल्यावर स्कॅन मी स्वतः केला. संगणकाने कागदाचा आकार विचारला, त्या यादीत लेटर असा शब्द होता. पत्रच तर आहे, म्हणून तोच दाबला.

वाचून झालं की मला दोन शब्द लिही. रागाचे असले तरी चालतील.

तुझा,
अण्णा

।। श्री ।।

डब्लिन
१२ नोव्हेंबर २०२५

चि. अण्णास, अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. अक्षर आबांचं, हे लांबूनच ओळखलं. मी आधी वर पाहिलं. श्री नाही. उजवा कोपरा तिरका गेलेला. मग मी तो उलटा करून ठेवला.

तू अपराधी वगैरे काही नाहीस. विसरलास ते माझ्यावर उपकारच झाले म्हण. तसलं एक कार्ड मी एक्कावन्न वर्षं उरावर वागवलं, दुसरं आता झेपणार नाही. मरताना तरी ते मऊ झाले असतील असं मला अधूनमधून वाटायचं. ते वाटणं आज संपलं. अभिराम वहीत लिहून दाखवतो की आई वाच, आत चांगलं आहे. पोटच्या पोराला माझ्यासाठी खोटं लिहावं लागतंय. मी डोळे मिटून घेते.

कारखान्याचा भोंगा सुरू झाला का? कान गेले तरी पहाटे मला तो ऐकू येतो. वहिनीला सांधेदुखीचं तेल नियमाने लावायला सांग. फार लिहवत नाही. होता तसा लोभ असू दे.

तुझी,
आक्का

।। श्री ।।

कसबा बावडा
१३ नोव्हेंबर २०२५

चि. अभिराम यास, अनेक आशीर्वाद.

आक्काचं पत्र सकाळी प्रिंटरमधून बाहेर आलं आणि मी आबांचा मूळ कागद पुन्हा हातात घेतला. अरे, कागद अखंड आहे. चारी कोपरे शाबूत आहेत. वर श्री आहे, आबांनी दोनदा गिरवलेला. गुंडूला फोन केला तेव्हा कळलं की ते लेटर म्हणजे पत्र नव्हे, अमेरिकेतल्या कागदाचं माप आहे आणि ते आपल्या कागदापेक्षा आखूड असतं. त्यात माझा हात थरथरतो, कागद तिरका बसला, आणि त्याचं डोकं नको त्या बाजूला ठेवलं. आबांचा श्री मी कापला. जन्मभर पोरांना नकाशा कुठून कसा धरायचा ते शिकवलं, आणि हे असं झालं.

पुन्हा करायला गेलो तर लाइट गेली, आणि आल्यापासून स्कॅनर परत सापडत नाही. तू लिहिलेलं सगळं तीनदा केलं. गुंडू शाहूवाडीला भात कापणीला गेलाय, शनिवारी येईल. तोवर हातावर हात धरून बसू नकोस. आबांचं पत्र तुझ्या हाताने मोठ्या अक्षरात उतरव, वर श्री घाल, आणि तो कागद तिच्यासमोर ठेव. माझ्याने दुसरं काही सुचत नाही. कसंही करून तिला वाचायला लाव.

अण्णामामा

डब्लिन
१७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस, सा. न.

काल फोनवर तुम्हालाही बोलवेना आणि मलाही. म्हणून लिहितो.

तुमचा दुसरा स्कॅन शनिवारी दुपारी आला. वर श्री, चारी कोपरे पूर्ण. आई तेव्हा ग्लानीत होती, ती पुन्हा जागी झाली नाही, आणि रविवारी पहाटे गेली. तुम्ही याचा दोष स्वतःला लावून घ्याल हे मला ठाऊक आहे. त्याआधी गुरुवारचं ऐका.

तुम्ही सांगितलंत तसं मी आबांचं पत्र उतरवलं. चारच ओळी. चि. सरू, माझी चूक झाली. तुझ्या नावाचं कार्ड मी फाडायला नको होतं. माझ्याने आता प्रवास होत नाही. जावयांना घेऊन घरी ये. एवढंच होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलो, हाताने मराठी लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घाचा बोजवारा उडतो. काही न सांगता कागद पलंगावर ठेवला आणि चहा करायला गेलो.

पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई चुकलेला कागद समोर असताना डोळे मिटून पडून राहील का? परत आलो तर तिच्या हातात पेन्सिल. चूकचा चू दीर्घ केला होता. मी सरु लिहिलं होतं, त्याचं सरू केलं होतं, आणि पेन्सिल त्या नावावरच थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. हे नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, मामा. बाबा तिला सरोज म्हणायचे. हे मी मनाने लिहू शकत नाही, हे तिला तिथेच कळलं.

मग तिने खुणेने तो उलटा ठेवलेला कागद मागितला. भिंग घेऊन एकेक ओळ वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. खूप रडली. मीही रडलो. शुक्रवारी दोन्ही कागद तिने उशाशी ठेवून घेतले, कुणाला हात लावू दिला नाही.

काल सगळं आवरताना माझा कागद उचलला. शेवटच्या ओळीत मी घरि ये असं लिहिलं होतं. तिने ते दुरुस्त केलं होतं, आणि खाली, वहीत बाईंचा शेरा असतो त्या जागी, वाकड्या अक्षरात एक शब्द लिहिला होता.

येते.

आईच्या वाटची मायाही आता तुमच्याकडेच मागायची आहे.

तुमचा,
अभिराम