तात्यांच्या गिटारीचा कॅपो

गिरगाव, मुंबई
३ मे १९६०

तीर्थस्वरूप दादास सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण परवा लालबागला कार्यक्रमाच्या शेवटापर्यंत फळकुटावर बसून राहिली, हूं की चूं केलं नाही. दिल्लीत ऊन फार म्हणतात. डोक्याला काही बांधत जा.

महाराष्ट्र झाला, दादा! मुंबईसकट झाला! पेपरात वाचलंच असशील, पण पेपरात नाही ते मी सांगते. लालबागच्या कलापथकात परवा मी गायले. हो, तुझी लाजाळू बहीण, गिरणीतल्या माणसांनी भरलेल्या मैदानात. आणि साथीला गिटार कोणाची? आपल्या तात्यांची!

गाणं खरं पथकातल्या वसंतचं. घोषणा देऊन देऊन त्याचा घसा बसला, म्हणून मला उभं केलं. त्याची गाण्याची पट्टी पांढरी दोन, माझी त्याहून उंच, काळी तीन. पेटीवाल्या रामदासला काय, इथली बोटं तिथे. गिटारीचं तसं नाही. पांढरी दोनमध्ये तात्यांना मोकळ्या तारा मिळतात. काळी तीनमध्ये पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरावं लागतं, आणि ते काही केल्या होईना.

रामदास म्हणाला, "सुनेत्रा, तू खालीच गा गो. तात्यांका बरा पडात."

तालमीत तसं गाऊन पाहिलं. खालच्या सुरातले शब्द माझ्या पोटातच राहिले. तात्यांनी हात थांबवला. "मुंबईचं नाव घेताना माझी मुलगी पुटपुटणार नाही. मी साथ सोडतो, दुसरा कुणी बघा." मी म्हटलं, तुम्ही नाही तर मीही नाही. बापलेकीत जुंपली.

शेवटी खोताच्या वाडीतले गिटारवाले पास्कल अंकल धावून आले. खिशातून एक लोखंडी पट्टी काढली, खाली रबर, बाजूला स्क्रू. म्हणाले, "तात्या, हा कॅपो. दांड्यावरच्या चौथ्या पडद्याला लाव. बोटाचं काम हा करेल. हात तुझा तोच, सूर पोरीचा."

तात्या फणकारले, "ही कुबडी मला नको."

"कुबडी कसली? माझी सगळी बोटं धड आहेत, तरी मी लावतो. मोकळ्या तारांचा नाद आडव्या बोटाला नाही येत, मॅन."

तात्यांनी लावला, तर तारा खरखरल्या. बरोब्बर पडद्याच्या डोक्यावरच बसवला होता! अंकलनी तो जरासा मागे सरकवला, तारा पुन्हा जुळवल्या, आणि गिटार अशी खणखणीत बोलली की रामदास पेटी सोडून बघत राहिला.

परवा मी पहिली ओळ उचलली. दुसऱ्यांदा तीच ओळ सगळ्यांनी घेतली. मी मागे पाहिलं. तात्या ताठ बसले होते, डोळे भरलेले, आणि हात एकदाही चुकला नाही. असा बाप आपला आहे, दादा. मला इतका अभिमान कशाचाच वाटलेला नाही.

आता तू विचारशील, तात्या तर आडवं बोट सहज टाकायचे. तू पहिल्या पगारातून आणलेल्या त्या गिटारीवर तुझ्यासमोर कितीदा टाकलंय. तेच लिहायचं टाळत इथवर आले.

छप्पन सालच्या जानेवारीत, तू दिल्लीत असताना, तात्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेले होते. लाठी चुकवायला डावा हात वर केला. पहिलं बोट मोडलं, जुळलं ते ताठच. "मनूची सरकारी नोकरी आहे. त्याला कळवाल तर खबरदार," म्हणाले. त्या दिवाळीला तू आलास, खुंटीवरची गिटार पाहिलीस, वाजवा म्हणालास, आणि ते नुसतं "नको" म्हणाले. तू सरकारची बाजू घेऊन मुंबईबद्दल बोललास म्हणून त्यांनी तू दिलेली गिटार टाकली, असं तुला वाटलं. तसं नव्हतं रे. त्यानंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस.

मी शब्द मोडला. चोरून नाही मोडला, हे पत्र त्यांना वाचून दाखवलं.  मग त्यांनीच पेन मागितलं.

तुझी
सुनेत्रा

चि. मनमोहन यास अनेक आशीर्वाद. बोट आता दुखत नाही. घरी ये.
— तात्या