माळा नावाचं फोल्डर

सोम. ८ जुलै
सर्व्हर आजही रडतोय. आख्खा विभाग त्या एका मशीनवर (सांभाळणारे मगदूम सर आणि मी) आणि एक फाईल उघडायला दहा मिनिटं. गारगोटीची रूपाली (पीएच.डी., उसावरचा तांबेरा रोग) तीनदा येऊन गेली. "मॅडम, फोटो उघडतच न्हाईत की." प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी. डिस्क मात्र सतत शंभर टक्के बिझी, वर भरत आलेली. सगळ्यांना मेल टाकला: नको ते काढा, जागा करा.

मंगळ. ९
डिस्क मरायला टेकली असं धरून बसले होते. तपासली तर ठणठणीत. मग तिला राबवतंय कोण? मगदूम सरांनी लावलेली आपोआप कॉपी! दर चार तासांनी सगळ्याची नवी प्रत 'माळा' फोल्डरमध्ये. महापुरात तळमजल्यावरचं जुनं मशीन बुडालं, तेव्हापासून सरांनी वरच्या मजल्यावर डिस्कची पेटी जोडून ठेवलीय. पाणी चढलं की घरातलं सामान माळ्यावर, तसा डेटाही. म्हणून हे नाव.
पण मग लिखाण खालच्याच डिस्कवर का दिसतंय?

बुध. १०
वरची पेटी जोडलेलीच नाही. तार काढली तरी 'माळा' नावाचं फोल्डर खाली राहतंच, आणि प्रती मुकाट याच डिस्कवर पडत राहतात. मे महिन्यापासून. मेमध्ये वर रंगकाम होतं. तार मीच काढली, पेटी कपाटात ठेवली, रंग वाळला की लावू म्हणून. आणि विसरले. मी!
दुपारी विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांदेखत सरांना झापलं, तुमच्या जुनाट पद्धतीनं विभाग बसला म्हणून. महिनाअखेर निवृत्त होणारा माणूस मान खाली घालून ऐकत होता. मी गप्प. लाज वाटते स्वतःची.
मॅडम म्हणाल्या फोल्डर पुसा. मूळ फाईली शेजारीच आहेत, दोनदा कशाला? पुसलं. मशीन पळायला लागलं.

गुरु. ११
रूपाली खुशीत. मशीन झकास झालं म्हणाली, तिनंही सोमवारी मेल वाचून जागा केली होती. मागच्या दोन हंगामांचे सगळे फोटो काढून टाकले. अगं, का?
"माळ्यावर हाईत की, मॅडम."
काल पुसलं त्यात तेच होते. पुसलेल्या जागेवर कालपासून सगळ्यांच्या नव्या फाईली पडतायत, खालून परत मिळण्याची आशा नाही. शेतात उभं राहून काढलेली दोन वर्षं. तिला बघते म्हटलं. आता असतील तर कपाटातल्या पेटीत.
पेटी काढली. वर रंगाचे ओघळ, एका बाजूला ओल.

शुक्र. १२
सकाळी मगदूम सरांना सगळं सांगितलं. तार कुणी काढली तेही. रागावले नाहीत, चष्मा पुसत राहिले. पेटीला तार जोडून मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, थांब.
"आधी मॅडमस्नी सांग. मग बटण दाब."
का, विचारलं.
"चालू झाली तर तू सांगणार न्हाईस."
खरं आहे. मेलं, अगदी खरं आहे.
मॅडम मीटिंगमध्ये. त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसून लिहितेय. आत्ताच रूपाली जिन्यावरून हात करून गेली. शेजारी बसलेल्या सरांनी पेटी तारेसकट स्वतःच्या मांडीवर घेतलीय. बटण अजून कुणी दाबलेलं नाही. दार उघडलं. जाते सांगायला.