वॉल्टर गेला त्या दिवशीचं धुणं

हल, १२ ऑक्टोबर १९६१

ती. एफुआताईस,
धाकट्या अराबाचा शि. सा. न. वि. वि.

पोहोचल्याची तार मिळाली असेलच. नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह भरलेलं आहे, म्हणून मला गावातल्या एका घरी खोली दिली आहे. घरमालकीण मिसेस ब्लेंकिन. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने बारीक, बोलणं तुझ्यासारखंच तोडून. नवरा वॉल्टर मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असतो. तीन आठवडे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात, तीन दिवस घरी, असा त्याचा वर्षभराचा हिशेब. मूलबाळ नाही.

हे इंग्रजी बंदराचं गाव तळहातासारखं सपाट आहे. आमच्या रस्त्याला मासळीचा असा वास सुटतो की बरोबरच्या मुली नाकाला रुमाल लावतात. मी मात्र पहिल्या दिवशी खिडकी उघडून उभी राहिले. बसची कंडक्टर मला 'लाडके' म्हणाली. माझं काही चुकलं की काय म्हणून मी तिच्याकडे बघतच राहिले. मग कळलं की ती सगळ्यांनाच म्हणते, म्हाताऱ्या पाद्र्यालासुद्धा.

एक फजिती सांगते. मिसेस ब्लेंकिनने पाच वाजता चहाला बोलावलं. मी भरपेट जेवून खाली गेले, तर टेबलावर तळलेला मासा, बटाटे, पाव. इथे चहा म्हणजे रात्रीचं जेवण. नको म्हणायची सोय नव्हती. सगळं खाल्लं आणि वर जाऊन आडवी झाले.

आईला सांग की लोकरीचे दोन पायमोजे एकावर एक घालते. बाबांना नमस्कार. तुझी माया समुद्र ओलांडूनही पुरते आहे, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
अराबा

एल्मिना, २ नोव्हेंबर १९६१

चि. अराबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. दोनदा जेवलीस हे ऐकून तिला फार बरं वाटलं. बाकी काही तिने ऐकलं नाही.

शितोच्या चटणीचा डबा पाठवते आहे. मिरची कमी घातली नाही, कारण तुझी जीभ तिकडे जाऊन मऊ होता कामा नये. त्यातले मासे मी स्वतः धुरावर सुकवले आहेत. मालकिणीला देशील तेव्हा आधी पाण्याचा पेला तिच्या हाताशी ठेव.

परक्याच्या घरात राहतेस तर डोळे उघडे ठेव. प्रत्येक घराला आपली चाल असते, आणि ती कोणी तोंडाने सांगत नाही. तू लहानपणापासून आधी करतेस आणि मग विचारतेस.

तुझ्या भावोजींच्या, एबोच्या होडीला या महिन्यात मासळी बरी लागते आहे. अभ्यास कर, आमची काळजी करू नकोस.

तुझी ताई,
एफुआ

हल, ११ जानेवारी १९६२

ती. ताईस,
अराबाचा सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. मंगळवारी पहाटे वॉल्टर बोटीवर गेला. ज्या वारी आपल्याकडे एकही होडी पाण्याला लागत नाही, त्याच वारी. माझ्या मनात आलं, पण मी बोलले नाही. आपला देव आपल्या समुद्राचा, इथे त्याचं काय.

मला सुट्टी होती आणि बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. मी माझे तीन गणवेश धुतले, मागच्या अंगणात दोरीवर टाकले, आणि लगे हात मिसेस ब्लेंकिनची एक चादरही धुतली. वाटलं, बाई खूश होतील. त्या बाजारातून आल्या, दोरीकडे पाहिलं आणि सगळं ओरबाडून खाली काढलं. चिमटे फरशीवर उडाले. ओलं धुणं माझ्या हातात कोंबलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शेजारच्या मिसेस टॉकने कुंपणावरून सांगितलं की माणूस समुद्रावर गेला त्या दिवशी या गल्लीत कुणी धूत नाही. धुणं धुतलं की माणूस धुऊन जातो. हात हलवून निरोपसुद्धा देत नाहीत, कारण हलवलेल्या हातासारखी लाट येते. हे तिने मला समजावून सांगितलं असं नाही. दोषपत्र वाचावं तसं वाचलं.

आज तिसरा दिवस. जेवण टेबलावर असतं, पण त्या बोलत नाहीत. काय करू ते लवकर लिही.

तुझी,
अराबा

एल्मिना, २० जानेवारी १९६२

चि. अराबास,
आशीर्वाद.

मंगळवारी कुणी जाळं टाकलं असतं तर तू स्वतः ओरडत किनाऱ्यावर गेली असतीस. मग तुझी मालकीण चिडली याचं नवल काय करतेस. नुसतं माफ करा म्हणून भागायचं नाही. आपल्याकडे चूक झाली की मोठं माणूस बरोबर नेतात आणि तेच बोलतं. तिकडे तुझं मोठं माणूस मीच. खालचं तिला वाचून दाखव, आणि वाचताना उभी राहा.

बाईसाहेब, मी अराबाची थोरली बहीण. माझा नवराही समुद्रावर जातो. आमच्यात मंगळवार पाळतात, तुमच्यात धुणं पाळतात. माझ्या बहिणीला तुमची चाल ठाऊक नव्हती. तिने अपमान करायला धुतलं नाही, मदत करायला धुतलं. ती कामसू आहे पण घाईची आहे. तिला ओरडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण अबोला धरू नका, घरात ती एकटी आहे आणि तुम्हीही एकट्याच आहात.

एवढं वाच. पुढचं तिच्यावर सोड.

ताई

हल, ४ फेब्रुवारी १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उभी राहून वाचलं. मिसेस ब्लेंकिन हातात किटली धरून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं की तुमच्याकडे कुणी मंगळवार मोडला तर काय करता. मी म्हटलं, समुद्राला मेंढी देतात. त्या म्हणाल्या की मेंढी काही आमच्या अंगणात मावणार नाही. मग चहा ओतला आणि माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, सुटले.

पण वॉल्टरची बोट गेल्या मंगळवारी यायला हवी होती, ती आलेली नाही. रेडिओवरून तिचा आवाजही नाही. तिकडे बर्फाचं वादळ आहे एवढंच कळतं. गल्लीत मला पाहून बायका बोलायच्या थांबतात. काल मिसेस टॉक दारात आली आणि मी जिन्यावर उभी असताना मिसेस ब्लेंकिनना म्हणाली की एडना, या पोरीला आधी घराबाहेर काढ. मिसेस ब्लेंकिननी काढते म्हटलं नाही आणि काढत नाही असंही म्हटलं नाही. नुसतं दार लोटलं. मला मिसेस टॉकचं काही वाटलं नाही, या गप्प राहण्याचं वाटलं.

वसतिगृहात एक खाट रिकामी झाली आहे. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. मी पेटी आवरून ठेवली आहे. ताई, खरंच सांगते, वॉर्डात बिछाने घालतानाही माझ्या डोळ्यांपुढे ती दोरीवरची चादर येते. मी शिकलेली आहे, असं काही नसतं हे मला कळतं. तरी येते.

तुझी,
अराबा

एल्मिना, १२ फेब्रुवारी १९६२

चि. अराबास,
आशीर्वाद.

आई म्हणते, आजच्या आज निघ. ती दोन दिवस जेवली नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. बोटीची बातमी येईपर्यंत हलू नकोस. आधी गेलीस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, आणि ते ओझं तू आयुष्यभर वाहशील. बातमी चांगली आली तर मग खुशाल जा, ताठ मानेने. वाईट आली तर त्या घरात कुणीतरी चूल पेटवायला लागेल. शेजारणी रडायला येतात, चूल कुणी पेटवत नाही.

हे सांगणं मला सोपं आहे, इथे बसून. म्हणून शेवटी तुझं तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी आईशी भांडेन.

ताई

हल, ११ मार्च १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तार पाठवली होती, आता सविस्तर लिहिते. तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोट-कंपनीचा माणूस काळा कोट घालून गल्लीत शिरला. तो ज्या दारावर थांबतो तिथे काय सांगतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिसेस ब्लेंकिननी पडद्याआडून त्याला पाहिलं आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. दोनदा दार वाजलं तरी उठेनात. मीच उघडलं. त्याने टोपी काढली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला की माणूस जिवंत आहे. बर्फाच्या भाराने रेडिओची तार तुटली होती, बोट कशीबशी आइसलंडच्या बंदराला लागली, आणि जाळ्याचा दोर ओढायच्या चाकात वॉल्टरचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं आहे.

तो घरी येऊन दोन आठवडे झाले. हाताची पट्टी रोज मीच बदलते. जखम भरते आहे. परवा भांडी पुसता पुसता मिसेस ब्लेंकिन हळूच म्हणाल्या की अठरा वर्षं मी प्रत्येक वेळी धुणं तुंबवलं, दारापर्यंत गेले नाही, हात हलवला नाही. आता तो तीन बोटं देऊन कायमचा घरी आला. हा सौदा पहिल्याच वर्षी कुणी पुढे केला असता तर मी हो म्हटलं असतं. मग म्हणाल्या, वॉल्टरला बोलू नकोस.

वॉल्टर मात्र भिंतीकडे तोंड करून बसतो. बोटीवर त्याला आता घेणार नाहीत. मिसेस ब्लेंकिन घरी जाळी विणतात, अंगणातल्या खिळ्याला बांधून. काम भरपूर आहे आणि वॉल्टरला चिमटीत सुई धरता येईल. पण इथे जाळी विणणं हे बायकांचं काम. आपल्याकडे बाबाच जाळी विणतात हे मी सांगितलं तर त्याला वाटलं, मी त्याची समजूत घालायला रचते आहे. म्हणाला, गल्लीसमोर बाईमाणसासारखा बसण्यापेक्षा समुद्रात गेलो असतो तर बरं होतं. बायको तिथेच उभी होती.

म्हणून एक काम कर. शाळेच्या मास्तरांकडे कॅमेरा आहे ना, त्यांना सांगून बाबांचा जाळं विणतानाचा फोटो काढून पाठव.

तुझी,
अराबा

एल्मिना, २५ मार्च १९६२

चि. अराबास,
आशीर्वाद.

फोटो सोबत आहे. बाबा आधी प्रार्थनेला जायचं भारी वस्त्र गुंडाळून आले. म्हटलं, त्या वेशात जाळं कोण विणतं. अर्धा तास रुसले. मग रोजच्या फाटक्या सदऱ्यात माडाखाली बसले आणि पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून कामाला लागले. मागे एबो आणि त्याचे दोन चुलतभाऊ आहेत, तेही विणताहेत. मास्तर हलू नका म्हणाले तरी बाबांनी हात थांबवला नाही, म्हणून हात पुसट आला आहे.

बाबांचा निरोप जसाच्या तसा देते. त्या माणसाला सांग, सुई अंगठा आणि एक बोटच धरतं. बाकीची तीन नुसती बघत बसतात. आमच्याही बसतात.

ताई

हल, १५ एप्रिल १९६२

ती. ताईस,
अराबाचा सा. न. वि. वि.

बाबांचा निरोप वॉल्टरला सांगितला. त्याने फोटो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि खिशात घातला. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर तो अंगणात स्टुलावर बसलेला, बूट-मोजे काढून, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, आणि मिसेस ब्लेंकिन वरून ओरडत होत्या की न्युमोनिया झाला तर मी निस्तरणार नाही. त्यांच्या शेजारी तो अगदी नवशिका आहे. त्यांचे जाळ्याचे दहा डोळे विणून होतात तेव्हा याचा एक, तोही सैल. त्या उसवायला लावतात, तो शिव्या देतो आणि उसवतो.

वसतिगृहाला मी फेब्रुवारीतच खाट नको म्हणून कळवलं होतं. हे मी इथे सांगितलं नव्हतं, पण मिसेस ब्लेंकिननी माझी रिकामी पेटी पलंगाखालून काढून माळ्यावर टाकली आहे. वाटेत येते म्हणाल्या.

काल अंगणात सावली होती, म्हणून वॉल्टर स्टूल घेऊन समोर, रस्त्याच्या बाजूला बसला. शनिवार होता, गल्ली भरलेली. मिसेस टॉक आली, थांबली, त्याच्या हाताकडे आणि पायाकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता हा उठून आत जाणार. तो म्हणाला की आमच्या अराबाचे वडील असंच विणतात, आणि तू माझ्या उजेडात उभी आहेस. ती बाजूला झाली.

बाबांना एक विचारायचं आहे. फाटलेला कोपरा जोडताना ते गाठ वरून घेतात की खालून, असं वॉल्टर विचारतो. मिसेस ब्लेंकिन सांगतात ते त्याला पटत नाही. या कागदाच्या पाठीमागे त्याने चित्र काढलं आहे. डाव्या हाताने काढलंय, म्हणून रेघा वाकड्या आहेत. बाबांना समजलं नाही तर मास्तरांना दाखव. उत्तर मात्र वेगळ्या कागदावर, थेट वॉल्टर ब्लेंकिनच्या नावाने पाठव. टपालवाला आला की तो हल्ली माझ्याआधी दारात असतो.

आईच्या पोटात अन्न जातंय ना, ते कळव. जीव लावलास, तसाच लावत राहा.

तुझी,
अराबा