पहिलं बटण

४ मार्च
पुन्हा! सकाळी कॉम्प्युटर उघडला तर फाइलींच्या खिडकीवरचा टूलबार परत ऐसपैस. थाळीएवढी बटणं, प्रत्येकाखाली ठळक अक्षरं – 'तपासलेले', 'नाव बदला', 'पुसा'. अर्धा पडदा त्यातच गेला. दुपारपाळीला माझ्याच खुर्चीत बसणाऱ्या मोठ्या बाईंचे प्रताप, दुसरं कोण! मला एका नजरेत चाळीस फाइली दिसायला हव्यात. इथे जेमतेम बारा.
बटणं लहान केली. अक्षरं काढून टाकली.

५ मार्च
पाळी बदलताना बाईंनी दारातच गाठलं. "अगं, हा कॉम्प्युटर काय तुझ्या माहेरहून आलाय?"
म्हटलं, "बाई, टूलबार कामासाठी असतो, शोभेसाठी नाही."
"मग कर तूच काम. मला मुंग्या मोजता येत नाहीत."
सगळ्यांसमोर! शिपाईसुद्धा खुदकन हसला.

६ मार्च
परत मोठी. परत लहान केली, अक्षरं काढली.

९ मार्च
आज नीट बसून टूलबार माझ्या कामाला सोयीचा लावला. काम एवढंच – जुन्या इमारतींचे स्कॅन केलेले नकाशे मूळ कागदाशी ताडायचे, ठीक असले की एका क्लिकने 'तपासलेले' फोल्डरमध्ये पाठवायचे. दुबार स्कॅन पुसायचे. सकाळी दुबारच जास्त येतात, म्हणून 'पुसा' पहिलं घेतलं, 'तपासलेले' शेवटी. दर वेळी "खात्री आहे का?" विचारणं बंद. कचरापेटीही बंद – थेट पुसलं जातं. कसं झपाझप काम झालं!
सांगायला हवं का बाईंना? चिठ्ठी लिहायला घेतली. फाडली. डोळे आहेत की त्यांना!

१० मार्च
टूलबारला कुणी हात लावलेला नाही. दमल्या एकदाच्या. जिंकले!

१२ मार्च
एकशे सोळा नकाशे गायब. सगळे गेल्या तीन दुपारचे.
पाठवली की फाइल समोरून जाते, पुसली तरी जाते – कळणार कसं? आणि तपासलेले मूळ कागद त्याच संध्याकाळी कापून टाकतात, जागा मोकळी करायला. म्हणजे ते नकाशे आता जगात कुठेच नाहीत.
मोठ्या बाई साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्या. माझ्यासमोर थांबल्या. "मी पहिलंच बटण दाबत होते गं. चार वर्षं पहिलंच दाबतेय."
निवृत्तीला सात महिने उरलेत त्यांच्या. काढून टाकणार म्हणतात.
मी पुढचा नकाशा उघडला.

१३ मार्च
मुद्दाम केलं का मी? कामासाठी केलं, हे खरं. त्यांचा हात न बघता पहिल्या बटणावर जातो हे मला ठाऊक होतं, हेही खरं. चिठ्ठी फाडताना ते डोक्यात होतं – इथे तरी खोटं कशाला लिहू?
आणि एवढं होऊनही राग त्यांचाच येतोय. विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं? मीही सांगितलं नाही. माझं तरी कुठे झिजलं असतं!

१४ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं. बडतर्फीचा आदेश सकाळीच गेला होता.
साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मोठ्या बाई हेच म्हणत होत्या – बटणं तुम्ही हलवलीत म्हणून. मीच झापलं त्यांना. म्हटलं, स्वतःची चूक त्यांच्यावर ढकलू नका, त्या असं कधी करणार नाहीत."